पॅराव्ह्यूचे रिमोट रेंडरिंग वारंवार बिघडते तेव्हा : चित्र नेमके कोणते यंत्र काढते आहे?

पुण्यातील आमच्या विभागात एक सामाईक सर्व्हर आहे. त्यावर ओपनफोम या सॉफ्टवेअरमधील प्रवाहाची गणिते चालतात आणि त्यांचे निकाल पॅराव्ह्यू या चित्ररूपाने दाखवणाऱ्या प्रोग्राममधून पाहिले जातात. गणिताचा निकाल सर्व्हरवरच राहतो, पीव्हीसर्व्हर हा पॅराव्ह्यूचा सर्व्हरवरचा प्रोग्रामही तिथेच चालतो आणि विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवरील पॅराव्ह्यूमधून, म्हणजे क्लायंटमधून, त्याला जोडून घेतात. ही मांडणी सोयीची आहे, कारण सुमारे ४ कोटी सेलच्या जाळीचा निकाल लॅपटॉपवर उतरवून घेणे कोणालाही परवडत नाही. मात्र दर काही महिन्यांनी, बहुतेकदा सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यानंतर, मला तीच तक्रार येते : "सर, जोडणी होते, गोल दिसतो, पण माझी केस (एका गणिताच्या फाईलींचा संच) उघडली की सगळे अडकते." पूर्वी प्रत्येक वेळी मी नव्याने शोध घेत असे आणि प्रत्येक वेळी कारण वेगळे निघत असे. अनेकदा असे झाल्यावर लक्षात आले की कारणे वेगळी असली तरी शोध एकाच प्रश्नापासून सुरू करता येतो आणि तो प्रश्न आम्ही कधी विचारतच नव्हतो. पडद्यावर दिसणारे चित्र नेमके कोणत्या यंत्राने आणि त्या यंत्राच्या कोणत्या भागाने काढले आहे, हा तो प्रश्न होय.

या लेखात कमांड, पर्याय आणि संदेश उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच ते रोमन अक्षरांत टाकायचे आहेत.

गोलाची चाचणी फसवी का ठरते

सर्व्हरला जोडल्यावर बहुतेक जण सोर्सेस मेनूमधून स्फिअर निवडतात, गोल दिसला की तो माउसने फिरवून पाहतात आणि रेंडरिंग, म्हणजे चित्र काढण्याचे काम, चालू आहे असे मानून पुढे जातात. मीही अनेक वर्षे हेच केले. पण पॅराव्ह्यूचा मूळ गोल अवघ्या ५० बिंदूंचा आणि ९६ त्रिकोणांचा असतो, आणि एवढी लहान आकृती सर्व्हर स्वतः काढतच नाही. पॅराव्ह्यूच्या सेटिंग्जमध्ये रेंडर व्ह्यू या विभागात रिमोट रेंडर थ्रेशोल्ड नावाची मर्यादा असते आणि तिचे मूळ मूल्य २० एमबी आहे. दिसणाऱ्या आकृतीची भूमिती या मर्यादेपेक्षा लहान असेल, तर सर्व्हर ती भूमितीच लॅपटॉपकडे पाठवतो आणि चित्र लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड काढते. भूमिती मर्यादेपेक्षा मोठी झाली, तरच सर्व्हर स्वतः चित्र काढून तयार प्रतिमा पाठवतो.

म्हणजे गोल व्यवस्थित फिरला, तर सर्व्हरशी बोलणे होते आहे एवढेच सिद्ध होते. सर्व्हरला चित्र काढता येते की नाही हे त्यातून कळत नाही. खरी केस उघडून समपृष्ठ (समान मूल्याच्या बिंदूंचे पृष्ठ) काढले आणि त्याचा आकार २० एमबी ओलांडून गेला की सर्व्हरच्या ग्राफिक्स व्यवस्थेचा पहिल्यांदाच संबंध येतो आणि बिघाड तेव्हा उघड होतो. वापरणाऱ्याला साहजिकच आपला डेटा बिघडला आहे असे वाटते. एका विद्यार्थिनीने याच समजुतीपायी आपली केस तीनदा पुन्हा चालवली होती. तिचे वाया गेलेले दिवस आठवले की आजही वाईट वाटते, कारण चाचणीची ती पद्धत मीच तिला सांगितली होती.

उपाय सोपा आहे. जोडणी झाल्यावर सर्वप्रथम रिमोट रेंडर थ्रेशोल्डचे मूल्य ० करावे. त्यामुळे आकृती कितीही लहान असली तरी ती सर्व्हरलाच काढावी लागते आणि ९६ त्रिकोणांचा गोलही खरी परीक्षा घेतो. या स्थितीत पीव्हीसर्व्हर बंद पडला, चित्र काळे आले किंवा गोल फिरवताना धक्के बसू लागले, तर दोष डेटात नसून सर्व्हरच्या रेंडरिंगमध्ये आहे हे अर्ध्या मिनिटात कळते. त्यापुढची चाचणी वेव्हलेट या, पॅराव्ह्यू स्वतःच तयार करत असलेल्या नमुना डेटाच्या, सोर्सवर घ्यावी. त्याची व्याप्ती तिन्ही दिशांना उणे १०० ते १०० अशी वाढवली की २०१ गुणिले २०१ गुणिले २०१, म्हणजे ८१,२०,६०१ बिंदू होतात, आणि प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरले तर सुमारे ३२ एमबी डेटा तयार होतो. तो व्हॉल्यूम या रूपात पाहिला की मर्यादा मूळ २० एमबीवर असतानाही काम सर्व्हरकडे जाते. कोणाचीही फाईल न मागता ही चाचणी घेता येते, म्हणून मला ती फार उपयोगी वाटते.

रेंडररचे नाव वाचणे

दुसरी पाहणी आणखी थेट आहे. हेल्प मेनूमधील अबाउट ही खिडकी उघडावी. तिच्यात दोन पाने असतात : एक क्लायंटचे आणि दुसरे जोडणीचे. जोडणीच्या पानावर ओपनजीएल (चित्र काढण्याच्या आज्ञांची प्रमाण पद्धत) व्हेंडर, व्हर्जन आणि रेंडरर अशा ओळी दिसतात. रेंडररच्या ओळीत सर्व्हरवरील ग्राफिक्स कार्डाचे नाव असेल, तर काम योग्य ठिकाणी होत आहे. तिथे एलएलव्हीएमपाइप हा शब्द असेल, तर चित्र सर्व्हरवरच निघते आहे, पण ते ग्राफिक्स कार्ड काढत नसून मेसा या सॉफ्टवेअर ग्रंथालयाच्या (लायब्ररीच्या) मदतीने प्रोसेसर काढतो आहे. अनेकांनी ही खिडकी केवळ आवृत्ती पाहण्यासाठीच उघडलेली असते. माझ्या मते तक्रार लिहिण्यापूर्वी तिच्यातील या तीन ओळी उतरवून घेणे सक्तीचे असावे. आमच्याकडे मी तसा नियम केला आहे.

सर्व्हरच्या टर्मिनलवर एनव्हिडिया-एसएमआय ही कमांडही तेच सांगते. प्रक्रियांच्या यादीत पीव्हीसर्व्हरपुढे जी हे अक्षर असेल, तर ती प्रक्रिया चित्रे काढण्यासाठी कार्ड वापरते आहे. यादीत पीव्हीसर्व्हरचे नावच नसेल, तर कार्ड त्या वेळी रिकामे बसले आहे.

डिस्प्ले नसणे आणि चुकीचा डिस्प्ले असणे

लिनक्सवर ओपनजीएलचे चित्र काढण्याचा जुना मार्ग एक्स सर्व्हर या पडदा सांभाळणाऱ्या प्रोग्राममधून जातो आणि त्यासाठी डिस्प्ले हे पर्यावरण चल लागते. गणनेच्या सर्व्हरला पडदा नसतो आणि त्यावर एक्स सर्व्हरही चालत नसतो. अशा यंत्रावर पॅराव्ह्यूची साधी आवृत्ती चालवली, तर जोडणीच्या वेळी एक इशारा येतो : सर्व्हरच्या बाजूला डिस्प्ले उपलब्ध नाही, त्यामुळे या मांडणीत रिमोट रेंडरिंग बंद ठेवले जाईल. हा इशारा ज्या खिडकीत येतो तिच्यात ओके हे एकच बटण असते. लोक ते दाबतात आणि विसरून जातात.

त्यापुढे जे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. रिमोट रेंडरिंग बंद झाले की पॅराव्ह्यू थांबत नाही. भूमिती कितीही मोठी असली तरी ती लॅपटॉपकडे पाठवू लागते. समपृष्ठात १ कोटी त्रिकोण असतील, तर केवळ त्यांच्या कोपऱ्यांचे क्रमांक साठवायला, प्रत्येक क्रमांक ८ बाइटचा धरून, २४ कोटी बाइट म्हणजे सुमारे २४० एमबी लागतात. बिंदूंचे स्थान, पृष्ठलंब आणि वेग किंवा दाबाची मूल्ये यांचा हिशेब वेगळाच. प्रत्येक कालपावलाला एवढा डेटा वायफायवरून येऊ लागला की लॅपटॉपचा पंखा जोरात फिरू लागतो, स्मृती भरते आणि शेवटी पॅराव्ह्यूचा क्लायंट बंद पडतो. तक्रार मात्र "सर्व्हर अडकतो" अशी येते. सर्व्हरने आपले काम केलेले असते. अडकलेला असतो तो लॅपटॉप.

चुकीचा डिस्प्ले त्याहून फसवा असतो. काही जण सवयीने एसएसएच या दूरच्या यंत्रावर लॉगिन करण्याच्या कमांडला हायफन मोठा एक्स हा पर्याय देऊन लॉगिन करतात आणि त्याच टर्मिनलमधून पीव्हीसर्व्हर सुरू करतात. त्या वेळी डिस्प्ले या चलात लोकलहोस्ट:१०.० असे काहीतरी मूल्य आपोआप येते, आणि सर्व्हरला वाटते की आपल्याला पडदा मिळाला. प्रत्यक्षात तो पडदा विद्यार्थ्याच्या लॅपटॉपचा असतो. चित्र काढण्याच्या आज्ञा उलट प्रवास करून लॅपटॉपकडे येतात आणि तिथे बहुधा नाकारल्या जातात, कारण एक्सडॉटऑर्ग सर्व्हरने २०१५ मधील १.१७ या आवृत्तीपासून असे अप्रत्यक्ष जीएलएक्स (एक्स सर्व्हरमार्फत चालणारे ओपनजीएल) मुळातच बंद ठेवले आहे. ते मुद्दाम चालू केले तरी त्या मार्गाने मिळणारे ओपनजीएल फार जुन्या आवृत्तीचे असते, आणि आजच्या पॅराव्ह्यूला किमान ओपनजीएल ३.२ लागते. म्हणून पीव्हीसर्व्हर सुरू करण्यापूर्वी इको कमांडने डिस्प्ले चलाचे मूल्य पाहावे आणि काही दिसले तर अनसेट करून ते काढून टाकावे. आम्ही ही ओळ सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्येच घातली आहे.

पडदा नसलेल्या यंत्रासाठी योग्य मार्ग दोन आहेत. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर ईजीएल वापरावे; त्यात एक्स सर्व्हर न चालवता थेट कार्डाकडून चित्र काढून घेता येते. कार्ड नसेल तर ओएसमेसा वापरावे, म्हणजे चित्र प्रोसेसर काढतो. पॅराव्ह्यूच्या ५ व्या मालिकेत या दोन्हींसाठी वेगवेगळ्या तयार आवृत्त्या उतरवून घ्याव्या लागत आणि फाईलच्या नावात ईजीएल किंवा ओएसमेसा असे लिहिलेले असे. ६.० पासून एकच आवृत्ती चालू होतानाच उपलब्ध मार्ग निवडते, आणि तो पर्याय देऊन ठरवताही येतो. ही सोय चांगली असली तरी तिच्यामुळे रेंडररचे नाव तपासण्याची गरज वाढली आहे. ईजीएल मिळाले नाही म्हणून पीव्हीसर्व्हर पूर्वी बंद पडत असे आणि दोष लगेच कळत असे; आता तो प्रोसेसरवर काम रेटत राहू शकतो, आणि "आजकाल सर्व्हर हळू झाला आहे" या तक्रारीपलीकडे काही समजत नाही.

कार्ड आहे, कुडाही चालते, तरी चित्र निघत नाही

आमच्याकडे सर्वांत जास्त वेळ याच प्रकाराने खाल्ला आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो.

पुण्यात मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की वीज जाते. सर्व्हरची बॅटरी काही वेळ तग धरते, मग यंत्र बंद करावे लागते आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सुरू होते. गणिते पूर्ववत चालू लागतात, पण पॅराव्ह्यू मात्र चालत नाही. सुरुवातीला आम्ही विजेच्या धक्क्याने कार्ड बिघडले असावे अशी शंका घेतली. खरे कारण त्याच्या काही आठवडे आधी घडून गेलेले असे. लिनक्सच्या स्वयंचलित अद्ययावतीकरणात नवे कर्नल (प्रणालीचा गाभा) उतरलेले असते, पण यंत्र चालूच असल्यामुळे जुनेच कर्नल वापरात राहते. वीज जाऊन यंत्र सुरू झाले की नव्या कर्नलची पाळी येते, आणि त्या कर्नलसाठी एनव्हिडियाचे मॉड्यूल बांधले गेलेले नसेल तर कार्ड ओळखलेच जात नाही. अशा वेळी डीकेएमएस या, कर्नलसाठी मॉड्यूल बांधणाऱ्या साधनाची, डीकेएमएस स्टेटस ही कमांड द्यावी. चालू कर्नलच्या नावापुढे एनव्हिडियाचे मॉड्यूल बसवलेले दिसत नसेल, तर त्या कर्नलचे हेडर बसवून ते पुन्हा बांधावे.

याचाच दुसरा प्रकार यंत्र बंद न होताही घडतो. ड्रायव्हरची ग्रंथालये अद्ययावत होतात, पण कर्नलमध्ये आधीपासून चढलेले मॉड्यूल जुनेच राहते. मग एनव्हिडिया-एसएमआय दिल्यावर ड्रायव्हर आणि लायब्ररी यांच्या आवृत्त्या जुळत नाहीत असा संदेश येतो. यंत्र पुन्हा सुरू केले की हा दोष जातो. पण सामाईक सर्व्हरवर कोणाचे तरी दहा दिवसांचे गणित चालू असते, त्यामुळे "पुन्हा सुरू करा" हा सल्ला देणे सोपे आणि पाळणे अवघड असते. म्हणून ड्रायव्हरची पॅकेजे स्वयंचलित अद्ययावतीकरणातून वगळणे हाच टिकाऊ उपाय आहे. उबंटूवर एपीटी-मार्क होल्ड आणि रेड हॅटच्या वंशातील प्रणालींवर डीएनएफचे व्हर्जनलॉक हे काम करतात. आम्ही कर्नल आणि ड्रायव्हर दोन्ही धरून ठेवतो आणि सत्रांमधील सुटीत एकदाच, दोन्ही मिळून, अद्ययावत करतो.

तिसरा प्रकार ओळखणे सर्वांत कठीण गेले. एनव्हिडिया-एसएमआय व्यवस्थित चालते, कुडाचे, म्हणजे कार्डावर गणना करणारे, प्रोग्राम चालतात, पण पीव्हीसर्व्हर ईजीएल सुरू करू शकत नाही किंवा रेंडररच्या ओळीत एलएलव्हीएमपाइप दाखवतो. याचे कारण असे की ड्रायव्हरचे गणनेचे आणि चित्रणाचे भाग वेगवेगळ्या पॅकेजांत असतात. उबंटूवर नावात हेडलेस असलेले पॅकेज बसवले, तर गणनेपुरता भाग येतो आणि ओपनजीएल व ईजीएलची ग्रंथालये येत नाहीत. ती लिबएनव्हिडिया-जीएल या पॅकेजमध्ये असतात आणि त्याच आवृत्तीची वेगळी बसवावी लागतात. ज्याने यंत्र केवळ मशीन लर्निंगसाठी उभारले, त्याच्या दृष्टीने हेडलेस हीच योग्य निवड असते, म्हणून त्यात त्याचा दोष नाही. पडताळणीसाठी यूएसआर, शेअर, जीएलव्हीएनडी या मार्गातील ईजीएल-व्हेंडर या नावाची निर्देशिका पाहावी. तिच्यात १० या आकड्याने सुरू होणारी एनव्हिडियाची जेसन फाईल हवी. तिथे ५० ने सुरू होणारी मेसाची फाईल एकटीच असेल, तर ईजीएल मागणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला मेसाच मिळणार, मग कार्ड कितीही भारी असो.

कंटेनरमध्येही, म्हणजे प्रोग्राम बाकीच्या प्रणालीपासून वेगळा चालवणाऱ्या आवरणातही, नेमकी हीच लक्षणे दिसतात. एनव्हिडियाचे कंटेनर साधन काही न सांगता चालवले, तर ते गणना आणि देखरेखीपुरतीच ग्रंथालये आत आणते. एनव्हिडिया ड्रायव्हर कॅपॅबिलिटीज या पर्यावरण चलात ग्राफिक्स हा शब्द घातल्याशिवाय, किंवा सर्व क्षमता मागितल्याशिवाय, ईजीएल आत दिसत नाही.

स्लर्म हे कामे वाटून देणारे सॉफ्टवेअर असलेल्या क्लस्टरवर (अनेक यंत्रांच्या समूहावर) आणखी एक गोष्ट पाहावी. तिथे बहुधा प्रत्येक जॉबला त्याने मागितलेलीच उपकरणे दिसतात. काम सादर करताना जीआरईएस या पर्यायात जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) मागितला नसेल, तर नोडवर (क्लस्टरमधील त्या यंत्रावर) चार कार्डे असली तरी आपल्या पीव्हीसर्व्हरला एकही मिळत नाही. आणि एकाहून अधिक कार्डे मिळाली असतील, तर कुडाचे दृश्य उपकरणे ठरवणारे चल ईजीएलला लागू पडत नाही हे लक्षात ठेवावे. ईजीएलसाठी उपकरणाचा क्रमांक पॅराव्ह्यूला वेगळा सांगावा लागतो. तो सांगितला नाही तर सर्व प्रक्रिया पहिल्याच कार्डावर गर्दी करतात. एएमडी किंवा इंटेलच्या कार्डांवर मेसाचे ड्रायव्हर असतात आणि तिथे डीईव्ही, डीआरआय या मार्गातील रेंडरडी१२८ या फाईलला हात लावण्याची परवानगी लागते; वापरकर्ता रेंडर या गटात आहे का, हे पाहिले की बहुधा प्रश्न सुटतो.

टनेलमधील बारकावे

सर्व्हरपर्यंत पोहोचताच येत नसेल, तर वरील सर्व तपासणी पुढची. पीव्हीसर्व्हर मुळात १११११ या पोर्टवर वाट पाहतो. क्लस्टरवर लॅपटॉपमधून थेट कॉम्प्युट नोडवर जाता येत नाही, म्हणून लॉगिन नोडमधून एसएसएचचे टनेल, म्हणजे आतून जाणारा मार्ग, काढावे लागते. हायफन मोठा एल या पर्यायापुढे तीन भाग येतात : डावीकडे लॅपटॉपवरील पोर्ट, मध्ये ज्या यंत्रावर पीव्हीसर्व्हर चालतो त्याचे नाव आणि उजवीकडे त्या यंत्रावरील पोर्ट. चूक जवळजवळ नेहमी मधल्या भागात होते. तिथे लोकलहोस्ट लिहिले तर त्याचा अर्थ लॉगिन नोड असा होतो, कारण ते नाव टनेलच्या पलीकडच्या टोकाला वाचले जाते. आणि लॉगिन नोडवर तर पीव्हीसर्व्हर चालतच नसतो. जॉब सुरू झाल्यावर एस-क्यू या स्लर्मच्या कमांडच्या यादीत दिसणारे नोडचे नाव तिथे लिहावे.

टनेलच्या टर्मिनलवर येणारा संदेश नीट वाचला तर अर्धे काम होते. "कनेक्शन रिफ्यूज्ड" म्हणजे यंत्र सापडले, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही : पीव्हीसर्व्हर बंद आहे किंवा नोडचे नाव चुकले आहे. "कनेक्शन टाइम्ड आउट" म्हणजे निरोप वाटेतच गिळला जातो आहे, आणि तेव्हा फायरवॉलकडे पाहावे. काल चाललेली जोडणी आज रिफ्यूज्ड होत असेल तर आणखी एक साधे कारण असते : क्लायंट बंद झाला की पीव्हीसर्व्हरही आपले काम संपवतो. त्याला पुन्हा सुरू करावे लागते. यात बिघाड काही नाही.

दोघांनी एकाच नोडवर १११११ हाच पोर्ट वापरू नये, असे मी आग्रहाने सांगतो. दुसऱ्याचा पीव्हीसर्व्हर सुरू होत नाही, आणि टनेल मात्र पहिल्याच्या सर्व्हरवर जाऊन पोहोचते. पीव्हीसर्व्हर पासवर्ड विचारत नाही आणि ज्याने तो सुरू केला त्याच्या अधिकाराने फाईली वाचतो, म्हणजे चुकून का होईना, एकाला दुसऱ्याचा डेटा उघडता येतो. आमच्याकडे प्रत्येकाला वापरकर्ता क्रमांकावरून ठरलेला वेगळा पोर्ट दिला आहे आणि कनेक्ट-आयडी (जुळावा लागणारा ओळखक्रमांक) हा पर्याय दोन्ही बाजूंना देणे आवश्यक केले आहे.

लॅपटॉपवरील आणि सर्व्हरवरील पॅराव्ह्यूची आवृत्ती एकच असावी. ५.११ चा क्लायंट ५.१२ च्या सर्व्हरशी हँडशेकलाच अडतो. जेवायला उठले की जोडणी तुटत असेल, तर एसएसएचच्या मांडणीत सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ६० सेकंद ठेवावे.

एकाऐवजी आठ सर्व्हर

समांतर चालवताना एक वेगळाच प्रकार दिसतो. एमपीआयरन या समांतर प्रक्रिया सुरू करणाऱ्या कमांडने ८ प्रक्रिया सुरू केल्या की टर्मिनलवर "वेटिंग फॉर क्लायंट" ही ओळ एकदाच यायला हवी. ती आठ वेळा आली आणि पाठोपाठ पोर्ट आधीच वापरात असल्याच्या तक्रारी आल्या, तर आठ प्रक्रियांचा एक सर्व्हर न होता एकेकटे आठ सर्व्हर सुरू झाले आहेत. पॅराव्ह्यूच्या तयार आवृत्तीसोबत एमपीआय या प्रक्रियांमधील संवादपद्धतीचे एमपीआयसीएच हे रूप येते आणि सर्व्हरवरील एमपीआयरन अनेकदा ओपन एमपीआयचा असतो. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही आणि प्रत्येक प्रक्रिया स्वतःला पहिली समजते. पॅराव्ह्यूच्या बिन निर्देशिकेतील एमपीआयएक्झेकच पूर्ण मार्गाने वापरला की हे थांबते.

प्रक्रिया बरोबर जुळल्या तरी डेटा वाटला गेला आहे का, हे वेगळे पाहावे लागते. ओपनफोमची केस उघडताना केस टाइपमध्ये डीकंपोज्ड केस निवडले, तर प्रोसेसर निर्देशिका प्रक्रियांमध्ये वाटून वाचल्या जातात; रीकन्स्ट्रक्टेड निवडले तर सर्व भार पहिल्या प्रक्रियेवर येतो आणि बाकीच्या सात रिकाम्या राहतात. प्रोसेस आयडीज हा फिल्टर लावून रंग पाहिले की हे तत्काळ दिसते : जाळीवर आठ रंगांचे तुकडे हवेत, सगळीकडे एकच रंग असेल तर वाटणी झालेली नाही. ओएसमेसावर चालवताना एलपी-नम-थ्रेड्स हे चल १ किंवा २ ठेवावे, कारण एरवी प्रत्येक प्रक्रिया उपलब्ध कोअरइतके धागे काढू पाहते आणि त्या एकमेकींच्या वाटेत येतात.

सगळे बरोबर असूनही चित्र धक्के खात येते

रेंडररच्या ओळीत कार्डाचे नाव आहे, वाटणीही झाली आहे, तरी घरून काम करताना चित्र अडखळते, अशा वेळी नेटवर्कचा हिशेब करावा. १९२० गुणिले १०८० पिक्सेलचे चित्र प्रत्येकी ३ बाइटने ६२,२०,८०० बाइट, म्हणजे सुमारे ६.२ एमबी होते. घरच्या १०० एमबीपीएस जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबी येतात, म्हणजे संकुचन न करता सेकंदाला दोनच चित्रे. म्हणूनच पॅराव्ह्यू प्रतिमा संकुचित करून पाठवते. सेटिंग्जमधील इमेज कॉम्प्रेशनमध्ये एलझेड४, स्क्विर्ट आणि झेडलिब असे पर्याय आहेत. विभागातील वेगवान जाळ्यावर एलझेड४ पुरते, घरून काम करताना झेडलिब अधिक बरे वाटते, कारण तिथे प्रोसेसरच्या वेळेपेक्षा बाइट महाग असतात. फिरवताना प्रतिमा तात्पुरती खरखरीत करणारा इमेज रिडक्शन फॅक्टर वाढवला की हात थांबेपर्यंत चित्र थोडे अस्पष्ट दिसते, पण धक्के जातात. आणि लॅपटॉपवर पॅराव्ह्यूची खिडकी पडदाभर न ठेवता अर्धी केली, तरी प्रत्येक चित्राचे बाइट त्याच प्रमाणात घटतात. हा उपाय कोणी सुचवत नाही, पण तो दर वेळी उपयोगी पडतो. चाचणीसाठी ० केलेला रिमोट रेंडर थ्रेशोल्ड या टप्प्यावर परत २० वर न्यावा, म्हणजे लहान आकृत्या पुन्हा लॅपटॉपच काढेल आणि त्या सहज फिरतील.

यंत्र सुरू झाल्यावर लगेच करायची नोंद

या वर्षी आम्ही सर्व्हर सुरू होताच चालणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती पीव्हीबॅच या पॅराव्ह्यूच्या स्क्रिप्टवर चालणाऱ्या प्रोग्राममधून वेव्हलेटचे एक चित्र काढते, ते फाईलमध्ये साठवते आणि पॅराव्ह्यूच्या पायथन मॉड्यूलमधील गेट-ओपनजीएल-इन्फर्मेशन या फंक्शनकडून मिळालेले रेंडररचे नाव, कर्नलची आवृत्ती आणि ड्रायव्हरची आवृत्ती तारखेसह एका ओळीत लिहून ठेवते. मे महिन्यातल्या शेवटच्या वळवानंतर सकाळी नऊ वाजता त्या फाईलची शेवटची ओळ वाचली. कर्नलचा आकडा तोच होता, ड्रायव्हरचा आकडा तोच होता, आणि रेंडररच्या जागी कार्डाचे नाव होते.